गल्लीपुरती हाक: ऑफिसातला प्रिंटर सगळ्यांना आपोआप दिसावा म्हणून

पुण्याच्या पेठांमधल्या लहान ऑफिसांत प्रिंटर 'बिघडायचा' वार जवळजवळ ठरलेला असतो. गुरुवारी दुपारी, फार तर शुक्रवारी सकाळी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तिच्याबरोबर राउटरही बंद पडतो, आणि वीज आली की तो ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांना नव्याने पत्ते वाटायला बसतो. कालपर्यंत प्रिंटर १९२.१६८.१.७ या पत्त्यावर होता. आज त्या जागी कोणाचा तरी मोबाइल आहे आणि प्रिंटर गेलाय ११ वर. संगणकाला हे कोणीच कळवलेलं नसतं. तो ७ कडेच कागद पाठवत राहतो आणि शेवटी 'ऑफलाइन' दाखवून मोकळा होतो.

मग ऑफिसातला जरा माहीतगार मुलगा प्रिंटर पुन्हा 'अ‍ॅड' करतो. यादीत जुन्या नावाखाली नवं नाव येतं, 'कॉपी १'. पुढच्या महिन्यात 'कॉपी २'. एकाच यंत्राची अशी चार-पाच नावं साठतात आणि त्यातलं चालणारं कुठलं, हे फक्त एकाला ठाऊक असतं. तो नेमका रजेवर असतो.

यावरचा उपाय जुना आहे, फुकट आहे आणि बहुतेक यंत्रांत आधीच भरलेला आहे. प्रिंटरला पत्त्याने शोधायचंच नाही, नावाने शोधायचं. भंगारवाला गल्लीत शिरला की हाक देतो, ज्याला रद्दी द्यायची तो खिडकीत येतो. त्याचा नंबर कोणी लिहून ठेवलेला नसतो. प्रिंटर नेटवर्कवर आला की तोही असंच करतो: 'मी अमुक प्रिंटर, अमुक नावाचा, आत्ता या पत्त्यावर आहे.' पत्ता बदलला की पुन्हा हाक. ही पद्धत अ‍ॅपलच्या स्टुअर्ट चेशायर यांच्या पुढाकाराने आकाराला आली. २००२ मध्ये ती 'राँदेव्हू' या नावाने मॅकवर आली, २००५ मध्ये तिचं नाव 'बाँजूर' झालं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तिचे दोन्ही भाग, एमडीएनएस आणि डीएनएस-एसडी, इंटरनेटची अधिकृत मानकं म्हणून प्रसिद्ध झाले. हाक जाते ती २२४.०.०.२५१ या राखीव पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर. हा पत्ता कोणा एकाचा नाही. त्या नेटवर्कवर जो कान देऊन बसलाय त्याला ती ऐकू येते. राउटर मात्र ती हाक पलीकडे जाऊ देत नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या हाकेत नुसतं नाव नसतं. मॉडेल कोणतं, ठेवलाय कुठे, रंगीत छापतो का, पाठपोट छापतो का, कोणत्या स्वरूपातला मजकूर त्याला समजतो, एवढं सगळं असतं. संगणक ते वाचतो आणि त्याप्रमाणे पान तयार करून पाठवतो. म्हणून नव्या प्रिंटरला ड्रायव्हरची सीडी लागत नाही. आयफोनवर हे २०१० मध्ये 'एअरप्रिंट' म्हणून आलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून 'मोप्रिया' ही संघटना काढली, आणि अँड्रॉइड ८ पासून तशी सोय फोनमध्ये मुळातच येते. तेव्हा काहीही करण्याआधी एवढं करून पाहा. प्रिंटर वायफायवर घ्या, फोनवर कुठलीही पीडीएफ उघडा, 'प्रिंट' दाबा आणि यादी येईपर्यंत थांबा. प्रिंटर दिसला तर तुमचं निम्मं काम कोणीतरी आधीच करून ठेवलंय.

लिनक्स वापरणाऱ्यांना इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण त्यांच्या संगणकावर हे काम तीन सेवा वाटून घेतात आणि तिन्ही पडद्यामागे चालतात. पहिली 'अवाही': हाक ऐकणं आणि आपली हाक देणं, एवढंच तिचं काम. दुसरी 'कप्स': छपाईची रांग लावणारी खरी कारभारीण. मायकेल स्वीट यांनी ती १९९०च्या दशकाच्या शेवटी लिहायला घेतली, २००७ मध्ये अ‍ॅपलने ती विकत घेतली आणि मॅकची छपाईही तिच्यावरच चालते. तिसरी 'कप्स-ब्राउज्ड'. पूर्वी कप्स स्वतःच प्रिंटर शोधायची, पण २०१२ च्या १.६ या आवृत्तीत तिची ती जुनी पद्धत काढून टाकली गेली. लिनक्सवर पडलेली ही पोकळी भरायला कप्स-ब्राउज्ड लिहिली गेली. अवाहीने ऐकलेल्या प्रत्येक प्रिंटरसाठी ती तुमच्या संगणकावर एक रांग तयार करते आणि प्रिंटर नाहीसा झाला की ती रांग काढून टाकते. 'कॉपी ४' ची भानगड उरत नाही.

तरी माझं मत असं, की साध्या डेस्कटॉपवर हल्ली या तिसरीची गरज बहुतेकांना पडत नाही. अलीकडची कप्स ऐकू आलेल्या प्रिंटरसाठी छापण्यापुरती रांग स्वतःच उभी करते. कप्स-ब्राउज्ड लागते ती जुन्या सॉफ्टवेअरला, ज्याच्या छपाईच्या खिडकीत कायमच्या रांगाच दिसतात. किंवा मोठ्या संस्थेत, जिथे दोन-तीन सर्व्हरांवर एकाच नावाच्या रांगा आहेत आणि ज्याचा प्रिंटर मोकळा असेल त्याच्याकडे काम जावं अशी इच्छा आहे. ही सेवा ते करते. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला तेवढ्यासाठीही ती चालू ठेवणं परवडेल. बाकीच्यांनी ती बंद करून पाहावी. काही अडलं नाही, तर बंदच राहू द्यावी. का, ते पुढे सांगतो.

आता खरा पुणेरी प्रश्न. प्रिंटर जुना आहे, पण उत्तम चालतोय, मग टाकायचा कशाला? कॅननचा एलबीपी २९००, एचपीचा लेझरजेट १०२०. असे यूएसबीवाले काळे-पांढरे प्रिंटर सीएंच्या, वकिलांच्या, शिकवण्यांच्या ऑफिसांत अजून निमूटपणे पानं काढतायत. त्यांना हाक मारता येत नाही. नेटवर्क ही गोष्टच त्यांच्या गावी नाही. म्हणून ते एका पीसीला केबलने जोडलेले असतात आणि प्रिंट काढायची झाली की आरोळी उठते, 'साहेबांचा पीसी चालू करा रे!'

अशा प्रिंटरसाठी एक जुना पीसी कायमचा बाजूला काढा. त्यावर डेबियन किंवा लिनक्स मिंट घाला आणि प्रिंटरच्या वतीने त्यालाच हाक मारू द्या. रास्पबेरी पाय वापरायचा मोह होईल, पण आधी मॉडेल पाहा. २९०० साठी कॅननचा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठीच आहे, म्हणजे पायवर तो बसणार नाही. १०२० ची खोड वेगळी. त्याचं फर्मवेअर त्याच्या पोटात टिकत नाही. वीज गेली की पुसलं जातं आणि चालू झाल्यावर संगणकाला ते पुन्हा भरावं लागतं. एचपीचं लिनक्ससाठीचं 'एचपीलिप' सॉफ्टवेअर आणि त्याचा प्लगइन टाकला की हे आपसूक होतं. प्लगइन टाकायचा विसरला, तर गुरुवारनंतर दिवे लागतात, रांगेत काम जातं आणि कागद मात्र हलत नाही.

त्या पीसीवर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग अपूर्णविराम (:), मग ६३१ असं टाका. कप्सचं पान उघडेल. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये जा, पासवर्ड विचारेल, तो लिनक्सच्या वापरकर्त्याचा, पण त्या वापरकर्त्याला प्रिंटर सांभाळायची परवानगी हवी. यूएसबीचा प्रिंटर तिथूनच जोडा आणि जोडताना 'शेअर धिस प्रिंटर' ही खूण करा. त्याच पानावर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'शेअर प्रिंटर्स कनेक्टेड टू धिस सिस्टिम' अशी आणखी एक चौकट आहे. दोन्ही ठिकाणी खूण लागते. एक प्रिंटरची, एक घरमालकाची, आणि बहुतेक लोक दुसरी विसरतात. तिच्या जवळच 'अलाउ प्रिंटिंग फ्रॉम द इंटरनेट' अशी तिसरी चौकट आहे. तिला हात लावू नका.

जोडताना प्रिंटरला नाव, वर्णन आणि ठिकाण अशा तीन गोष्टी विचारल्या जातात. नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. वर्णन आणि ठिकाण खुशाल मराठीत लिहा, इतरांच्या यादीत ते मराठीतच दिसतं. फक्त लांबी आखूड ठेवा. हाकेतल्या नावाला जास्तीत जास्त ६३ बाइट्सची जागा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट्स खातं. 'दुसरा मजला हिशेब विभाग' एवढ्यातच ६० बाइट्स संपतात. कप्स तर त्यापुढे त्या पीसीचं नावही जोडते, म्हणजे शेपूट कापलं जाणार. 'हिशेब' पुरे. मजला 'ठिकाण' या रकान्यात लिहा.

एवढं करूनही दिसत नाही, असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ऑफिसात दोन राउटर असतात. फायबरवाल्याने एक पांढरी पेटी खाली बसवलेली असते. जुन्या वाड्याच्या भिंती जाड, वरच्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून कोणीतरी बाजारातून दुसरा राउटर आणून वर लावलेला असतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क थाटून बसलेला असतो, आणि खालची हाक त्याच्या उंबरठ्याशी थांबते. वरच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि खालच्या प्रिंटरचा १९२.१६८.१.७ असा तिसरा आकडा वेगळा दिसला, तर बहुधा हीच भानगड. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' शोधून तो लावा. मग वर-खाली एकच नेटवर्क होतं. दुसरा खर्च नाही.

तरीही अडलं तर पुढच्या जागा. फोन 'गेस्ट' वायफायवर आहे का? 'क्लायंट आयसोलेशन' किंवा 'एपी आयसोलेशन' चालू आहे का? या दोन्ही सोयी यंत्रांना एकमेकांपासून तोडण्यासाठीच असतात. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये एमडीएनएस (हाक) आणि आयपीपी (प्रत्यक्ष छपाईचं काम) यांना वाट आहे का? शेअर करणारा पीसी झोपला तर नाही? शेवटची तपासणी हास्यास्पद वाटते, पण करा. ज्या संस्थांनी मुद्दाम वेगवेगळी नेटवर्कं केलेली असतात, एक कार्यालयाचं, एक विद्यार्थ्यांचं, त्यांच्यासाठी अवाहीत 'रिफ्लेक्टर' नावाची सोय आहे. दोन्ही नेटवर्कांत पाय असलेल्या सर्व्हरवर ती चालू केली की इकडची हाक तिकडे ऐकू जाते. ती विचार करूनच वापरा, कारण वेगळं केलेलं काहीतरी आपण पुन्हा जोडत असतो.

विंडोजवाल्यांना वेगळी सूचना. टॅली, करविवरणाची सॉफ्टवेअरं, सगळं विंडोजवर, म्हणजे पेठांत हेच बहुसंख्य. विंडोज प्रिंटर शोधताना हाक ऐकतं खरं, पण जोडताना पुष्कळदा त्या क्षणीचा पत्ता लिहून ठेवतं आणि पुन्हा गुरुवार येतो. म्हणून राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरला, किंवा शेअर करणाऱ्या पीसीला, कायमचा एक पत्ता बांधून द्या. फोन, मॅक आणि लिनक्स नावाने शोधतील, विंडोजला पत्ता स्थिर मिळेल. दोन्ही पद्धती एकत्र वापरण्यात काही कमीपणा नाही. 'कॉपी' वाली सगळी जुनी नावं मात्र त्याच दिवशी काढून टाका.

आता कप्स-ब्राउज्ड बंद ठेवा असं मघाशी का म्हटलं ते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने तिच्यातली खोट जाहीर केली. ही सेवा अवाहीचं ऐकायचीच, पण जुन्या पद्धतीशी जुळवून घेण्यासाठी ६३१ या यूडीपी पोर्टवर थेटही ऐकत बसायची, आणि तिथे कोण बोलतंय याची चौकशी करायची नाही. बाहेरच्या कोणी 'मी प्रिंटर, माझी माहिती अमुक पत्त्यावरून घे' असा एक निरोप पाठवला की ती त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची आणि रांग तयार करायची. त्या माहितीत चलाखीने घुसवलेली आज्ञा, कोणी त्या खोट्या प्रिंटरवर कागद पाठवला की, तुमच्याच संगणकावर चालायची. म्हणजे गल्लीतल्या हाकेसाठी ठेवलेली खिडकी थेट महामार्गावर उघडी होती.

दुरुस्त्या लगेच आल्या, तेव्हा पहिलं काम म्हणजे अपडेट. आणि ही सेवा ठेवायचीच असेल, तर ईटीसी फोल्डरातल्या कप्सच्या फोल्डरात तिची कॉन्फ फाइल असते, त्यात 'ब्राउज रिमोट प्रोटोकॉल्स' अशी ओळ आहे. तिथे 'डीएनएसएसडी' राहू द्या, 'कप्स' हा शब्द असेल तर काढा. राउटरमध्ये ६३१ क्रमांकाचं पोर्ट बाहेरून आत येण्यासाठी कोणी उघडलेलं नाही ना, तेही पाहा. 'घरून ऑफिसात प्रिंट काढता यावी' म्हणून कोणीतरी कधीतरी ते उघडतं आणि मग नोकरी बदलतं.

बाहेरच्या धोक्याइतकीच आतली गोष्ट महत्त्वाची आहे. कप्स छापलेला मजकूर लगेच फेकत नाही. मुळातल्या सेटिंगनुसार तो ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, शेअर करणाऱ्या पीसीवर राहतो. छापताना कागद अडकला तर पुन्हा काढता यावा म्हणून. जुलैअखेर सीएंच्या ऑफिसात त्या एका दिवसात किती जणांचे फॉर्म १६, पॅन आणि बँकेचे तपशील तिथे साठत असतील याचा अंदाज करा. कप्सच्या मुख्य कॉन्फ फाइलमध्ये 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' पुढे 'नो' लिहिलं की मजकूर छापून होताच पुसला जातो. अडकलेलं पान पुन्हा पाठवावं लागेल एवढंच. अभ्यासिकांनाही मी हेच सांगेन. विद्यार्थी फोनवरून थेट प्रिंट काढतात हे आधार कार्ड दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यापेक्षा पुष्कळ बरं, पण मधला पीसी स्वच्छ असेल तरच. आणि अभ्यासिकेत तो प्रिंटर विद्यार्थ्यांच्या वायफायवर ठेवा, कार्यालयाच्या नको.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी करणाऱ्यांना या सगळ्याचा एक फायदा वेगळाच मिळतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेली फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेचं काय होतं ते त्यांना सांगायला नको. प्रिंटर शेअर केला की फाइल हलतच नाही. पान त्याच मशीनवर तयार होतं जिथे फॉन्ट आहे, आणि प्रिंटरकडे जातं ते फॉन्टसकट किंवा थेट चित्ररूपात. जोडाक्षरं फुटायला जागाच उरत नाही.

पहिल्या छपाईला कागदाचा आकार तपासा. संगणकाची भाषा 'इंग्लिश, अमेरिका' अशी राहिली असेल तर पान 'लेटर' आकाराचं मानलं जातं, ट्रेमध्ये ए४ असतो, आणि प्रिंटर नुसता दिवा मिचकावत बसतो. लोक नेटवर्कला शिव्या घालतात. भाषा 'इंग्लिश, भारत' किंवा मराठी केली की सुटतं.

मार्केट यार्डात कार्बनच्या प्रतींवर बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स असेल, तर त्याला या फंदात पाडू नका. त्याला पान नको असतं, कच्ची अक्षरं हवी असतात, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर ती केबलवरून नीट देतंय.

नवा घ्यायचा झाला, तर तपकीर गल्लीत असो की मॉलमध्ये, विक्रेता पानांचा वेग आणि टोनरची किंमत सांगेल. टोनरचं नीट ऐका. पण खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' यांपैकी एक खूण आहे का ते स्वतः बघा. नुसतं 'वायफाय' लिहिलेलं पुरत नाही, त्यातल्या काहींना कंपनीचं अ‍ॅप घातल्याशिवाय कागद हलत नाही. शक्य असेल तर लॅनची खोच असलेलं मॉडेल घ्या आणि प्रिंटर राउटरला केबलने जोडा. आणि बिल करण्याआधी दुकानातच तुमच्या फोनवरून, कुठलंही अ‍ॅप न घालता, एक पान काढून दाखवायला सांगा.